पहिला उकार

आमच्या बोरिवलीच्या घरात देवांपेक्षा बश्यांना जास्त भिंत मिळाली आहे. पांढऱ्या, चिनी मातीच्या बश्या, आणि प्रत्येकीच्या कडेकडेने काळ्या रंगात गोल फिरणारी अरबी अक्षरं. येणारा पाहुणा आधी बश्यांकडे बघतो, मग माझ्या कुंकवाकडे, आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की विचारतोच. मी म्हणते, "ह्यांचं वेड." तेवढ्यावर भागतं.

हे म्हणजे माझे मिस्टर. शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्यांच्याकडे. अक्षर असं, की मुलं तो वाचायची नाहीत, नुसती बघत उभी राहायची. मी नवी लागले तेव्हा एका सकाळी त्या फळ्यावर मोठ्या थाटात लिहिलेलं दिसलं, 'सुर्य'. पहिला उकार! माझं पित्त खवळलं. प्रार्थनेच्या रांगा लागायच्या आत मी खडू उचलला आणि 'सु'ची शेपटी ओढून तिचा 'सू' केला. मागे वळते तर हे उभे.

"बाई, अक्षराचा मुडदा पाडलात," ते म्हणाले.

"सूर्य दीर्घ असतो."

"असेल हो. पण दुसऱ्या उकाराची शेपटी लोंबते. खालच्या ओळीच्या डोक्यात जाते."

"मग खालची ओळ आणखी खाली घ्या."

"फळा संपतो!"

ही आमची ओळख. पुढे लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला एक चिठ्ठी पाठवली, वळणदार, काळ्या शाईत. सुरुवातच 'तु' अशी. पहिला उकार. मी लाल पेनाने त्याचा 'तू' केला आणि चिठ्ठी परत पाठवली. माझी आई म्हणाली, अगं बाई, मोडेल ना लग्न. मोडलं नाही. पण तो उकारही सुधारला नाही. वाण्याच्या यादीत 'दुध', फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर 'तु जेवुन घे'. मी दुरुस्त करायची आणि ते पुन्हा तसंच लिहायचे. म्हणायचे, "गो, तू ऱ्हस्वदीर्घाची फौजदारीण." हे मूळचे मालवणकडचे, राग आला किंवा आनंद झाला की 'गो' बाहेर पडायचं.

निवृत्तीच्या सुमाराला एकदा रद्दीवाल्याकडून एक पुठ्ठा निघालेलं जाडजूड चित्रांचं पुस्तक घेऊन आले. सगळं इस्लामच्या सुरुवातीच्या शतकांतलं नक्षीकाम. भिंतींवरच्या चुन्यात कोरलेल्या वेली, एकात एक अडकलेल्या चांदण्या, काठाला अक्षरं विणलेली कापडं. ते सगळं उलटत हे एका पानावर थांबले ते थांबलेच. इराणातल्या निशापूरची आणि तिकडच्या समरकंदची वाडगी होती, हजारेक वर्षांपूर्वीची. पांढरं शुभ्र अंग, मधे काही म्हणजे काही नाही, आणि फक्त कडेला काळं लिहिलेलं. उभ्या रेघा ताणून उंच केलेल्या, आडव्या लांबवलेल्या, एखाद्या अक्षराच्या टोकाला चक्क पान फुटलेलं.

"बघ गो," ते म्हणाले. "इथे जागा उरली, तर ह्याने अक्षर ताणलं. इथे पुरली नाही, तर अक्षरच गाळलं. तरी हजार वर्षं लोक माना डोलावतायत. आणि मी एक उकार आखूड केला की तुझ्या पोटात दुखतं!"

"त्याच्या घरात मराठीची बाई नव्हती," मी म्हटलं.

ह्यांना अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांना त्याचंच अप्रूप. म्हणायचे, वाचता येत नाही म्हणून तर अक्षर दिसतं. वाचता आलं की डोळा अर्थाकडे पळतो, अक्षर बिचारं तिथेच राहतं. मी म्हणायचे, वाचता येणार नसेल तर लिहायचं कशाला, त्यापेक्षा सरळ वेलबुट्टी काढा. मग ते बाजारातून पांढऱ्या बश्या आणायला लागले आणि ऑइल पेंटने त्या वाडग्यांच्या कडा उतरवायला लागले. एक गोष्ट त्यांनी त्या कुंभारांकडून मनापासून उचलली. गोल लिहिलं की सुरुवात कुठे ते कळत नाही, म्हणून काही वाडग्यांवर सुरुवातीच्या जागी एक छोटासा ठिपका किंवा पान असतं. ह्यांच्या प्रत्येक बशीवर ठिपका. मी विचारायचे, तुम्हाला तरी माहीत आहे का सुरुवात कुठे ते?

आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर उर्दू माध्यमाचे वर्ग भरायचे. तिथले एक सर ह्यांचे जिगरी दोस्त. एका ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले आणि भिंतीवरची बशी काढून, ठिपक्यापासून बोट फिरवत वाचायला लागले.

"'बरकत' लिहिलंय," ते म्हणाले. "पुढे पुन्हा 'बरकत'. पुढे अर्धंच. आणि त्याच्यापुढे, माफ करा सर, काहीच नाही. रेघा आहेत नुसत्या."

ह्यांचा चेहरा पडला. पुस्तक काढून बघितलं तर मुळातही तसंच. सर म्हणाले, काढणाऱ्यालाही बहुतेक वाचता येत नसेल. नाहीतर तोच शब्द लिहून लिहून कंटाळला असेल. मला काय, आयतंच मिळालं.

"म्हणजे घेणाऱ्याला फसवलंच की!" मी म्हटलं.

"फसवलं कसं, मॅडम? घेणाऱ्याला ठाऊक असायचं ना, काय लिहिलंय ते."

हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसा काही खटला जिंकला. पुढे कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरात कावले की बाहेरून आवाज यायचा, "बरकत, बरकत!"

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा पूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, बोललेलं त्यांना बरंचसं कळतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. 'गो' तेवढं कधीतरी येईल म्हणून मी कान लावून बसायचे. आलं नाही. घशातून नुसता 'हं' यायचा, आणि तोही कशालाही.

वाचा-उपचारासाठी एक तरुण ताई घरी यायच्या. चांगल्या होत्या, पण त्यांनी ह्यांच्यापुढे काय ठेवावं? क कमळाचा, ब बदकाचा. ज्याचं अक्षर बघायला शाळा थांबायची त्याला कमळ आणि बदक गिरवायला! ह्यांनी डाव्या हाताने पेन्सिल भिरकावली ती थेट बाल्कनीत. मीही भिरकावली असती.

मग एक दिवस त्यांनी डाव्या हाताने भिंतीवरच्या बशीकडे बोट दाखवलं. घरात एक कोरी बशी उरली होती. मी ती दिली, ब्रश दिला, काळा पोस्टर कलर दिला. छातीशी बशी टेकवून, जीभ दातांत धरून ते तासभर खपले. मी देवापुढे हात जोडून उभी.

मग मी बशी हातात घेतली. कडेने एक गोल रेघ होती, आपल्या अक्षरांच्या डोक्यावर असते तशी. तिला खाली काहीबाही लोंबत होतं, ताणलेलं, वाकडं, थरथरतं. अक्षरांसारखं सगळं आणि अक्षर एकही नाही. अ नाही, क नाही, माझं नाव नाही, पोराचं नाही. ताई म्हणाल्या, "काकू, मेंदूला अक्षराचा आकार आठवतो, अक्षर आठवत नाही. त्यांचं कौतुक करा, पण त्यात शब्द शोधू नका."

मी शोधले. रोज शोधले. पोस्टर कलर पाण्याने जातो, बशी एकच. हे रोज दुपारी तिच्यावर काढायचे, मी रोज फोटो काढून मुलाला पाठवायचे आणि संध्याकाळी बशी काथ्याने घासून उद्यासाठी पुन्हा स्टुलावर ठेवायचे.

खरं सांगते, मला वीट आला होता. माणूस धिप्पाड, माझ्या दीडपट. उचला, बसवा, पुसा, भरवा. भरवलेलं अर्धं गालातून बाहेर. माझी कंबर गेली, झोप गेली, आणि ज्याच्याशी भांडून मी मोकळी व्हायचे तोच गप्प. कधी कधी मी त्यांच्यासमोर मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचे, म्हणजे तरी काहीतरी म्हणतील. 'हं' यायचा.

मुलगा बंगळुरूला असतो. रोज रात्री जेवणाच्या वेळी त्याचा फोन. माझे हात भाताने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर, ह्यांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर. एकदा तो म्हणाला, "आई, तू अर्धी झालीस. गोराईला एक केंद्र आहे, अशा पेशंटसाठी. बाबांना तिथे ठेवू या ना. तू माझ्याकडे ये."

"अरे, वस्तू आहेत का ते, ठेवायला?" मी ओरडले.

"आई, आधी बघून तर ये यार. मग ओरड."

बघून आले. बोटीने खाडी ओलांडली, पुढे रिक्षा. वाटेत बोंबील वाळत होते. वाईट असतं तर बरं झालं असतं, मी येऊन तोंडसुख घेतलं असतं. वाईट नव्हतं. खिडकीला वारा होता, सिस्टर प्रेमाने बोलत होती, एका आजोबांची दाढी कोणीतरी हळूहळू करत होतं. ती म्हणाली, बसा ना मॅडम. मी एका रिकाम्या कॉटवर बसले आणि मनात आलं, कितीतरी महिन्यांत मी अशी नुसती बसलेलीच नाही. तिथेच मला रडू फुटलं. सिस्टरला वाटलं, ह्यांच्यासाठी रडते. मी माझ्यासाठी रडत होते.

त्या रात्री फोनवर मी मुलाला म्हटलं, "हे बघ, बाबा अजून आत असतील तर मी त्यांना कुठे पाठवणार नाही. आणि नसतील, तर मग इथे काय आणि तिथे काय. एक शब्द. त्यांनी एक जरी खरा शब्द लिहिला, तर ते घरीच राहतील. नाही लिहिला, तर तू म्हणशील तसं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस म्हटलं ना!"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं त्याने ठरवलं. आणि हे सगळं आम्ही ह्यांच्यापासून दोन हातांवर बोलत होतो, हे जसे काही फर्निचर. ह्यांच्या तोंडात घास होता. ते तो चावत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, भात गरम आहे.

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागले. "अहो, लिहा हो काहीतरी. 'चहा' लिहा. 'आई' लिहा. शिवी लिहा, मला चालेल!" ते माझ्याकडे बघायचे, ब्रश बुडवायचे आणि पुन्हा तेच. कडेने गोल, उंच उंच ताणलेलं, थरथरतं. मी फोटो पाठवायचे आणि मुलगा खाली लिहायचा, 'छान आहे, पण शब्द नाही ना.' मीही म्हणायचे, नाही. बशी घासायचे.

तो रविवार आला. मुलाचं विमान उतरलं होतं, रिक्षात बसतोय म्हणून मेसेज आला होता. आदल्या दिवशीची बशी मोरीत तशीच राहिली होती, म्हटलं घासून टाकू. काथ्याला साबण लावला, बशी उचलली, आणि खिडकीतून ऊन पडलं त्यात मला ठिपका दिसला.

कडेच्या रेघेवर एक छोटासा ठिपका. मी थबकले. ठिपक्यापासून पुढे बघितलं. एक लांबच लांब ताणलेली कमान, तिला दांडा, आणि त्या दांड्याच्या खाली एक एवढासा आकडा. तो आकडा मी कुठेही ओळखला असता. आंधळी झाले असते आणि हाताला लागला असता तरी ओळखला असता. पहिला उकार.

म्हणजे वरची ती कमान, तो त. 'तु'. आणि पुढचं ते फुगलेलं, त्या वाडग्यांच्या पद्धतीने वाढवलेलं, तो ज, आणि त्याच्यापुढे ताडासारखा उभा काना.

काय सांगू तुम्हाला, मला असा आनंद झाला! शब्द! एक सोडून दोन! हे आहेत, आत आहेत, ठणठणीत आहेत, चुकासुद्धा स्वतःच्याच करतायत! रोगाने केलेली चूक ती नव्हतीच, ती ह्यांची घरची चूक होती. मी बशी फिरवली. पुन्हा 'तु जा'. आणखी फिरवली. पुन्हा तेच, पण जचं पोट फुटलेलं. पुढे नुसत्या रेघा, हात दमला असणार.

आणि मग मी ते वाचलं. तोवर नुसती बघत होते.

तु जा.

मोबाइल काढला, जुने फोटो उघडले. गोल लिहिलेलं वाचायला फोन फिरवावा तर फोटोही फिरतो, मेला. शेवटी ओट्यावर फोन आडवा ठेवून मीच मान वाकडी करून बघितलं. सुरुवातीच्या फोटोंत ठिपका नव्हता, नुसत्या रेघा. मुलाने फोनवर गोराईचं पहिल्यांदा काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ठिपका. त्या दिवसापासून प्रत्येक बशीवर ठिपका, आणि ठिपक्यानंतर तेच दोन शब्द. ते रोज मला सांगत होते आणि मी रोज ते घासून टाकून, पुसून, बशी कोरी करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवत होते. घेणाऱ्याला ठाऊक असतं म्हणे. मला कुठे ठाऊक होतं!

मी मोरीपाशी खाली बसले. आयुष्यभर ज्या माणसाच्या मागे लागले, की वाचता येईल असं लिहा, त्याने शेवटी लिहिलं, आणि मला वाटत होतं, देवा, ही नक्षीच असू दे. वेलबुट्टी असू दे. उठून नळ सोडायचा, दोन मिनिटांचं काम. मग मुलाला सांगायचं, नाही रे, काही नाही लिहिलं. म्हणजे हे म्हणतायत तसंच होईल आणि मलाही झोप मिळेल. हात नळावर गेलाही होता.

मग माझं डोकं फिरलं. असं फिरलं की विचारू नका.

ओली बशी घेऊन मी बाहेर गेले आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. "हे काय आहे?"

त्यांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताचं बोट माझ्यावर रोखलं, मग दारावर. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि खुर्चीचा हात दोनदा थोपटला. मी जायचं. त्यांनी राहायचं, जिथे कुठे ठेवतील तिथे. इतकं स्वच्छ ते गेल्या कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

"'तू'ला दुसरा उकार असतो!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. "लग्न ठरलं तेव्हापासून सांगतेय! लाल पेनाने सांगितलं, तोंडाने सांगितलं! अर्धं अंग लुळं पडलं तरी तुमची मस्ती काही जात नाही! मला जा म्हणणारे तुम्ही कोण? आधी नीट लिहायला शिका, मग मला घालवा!"

त्यांचं अर्धं तोंड हललं. डावीकडचं अर्धं हसत होतं. उजवीकडचं तसंच लोंबकळत होतं, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी. मी पदराने त्यांचं पुसलं, मग माझं. अजून ओरडायचं होतं, पण श्वास पुरला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. मुलगा आत आला, बॅग खांद्यावरच, आणि पहिलं वाक्य हेच, "आई, काही लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हटलं. "खरा शब्द. बाबा घरीच राहणार. ठरलंय आपलं."

"काय सांगतेस! काय लिहिलं? दाखव ना!"

बशी माझ्या पाठीमागे होती. अंगठा ठिपक्यावर होता, आणि ओला रंग अंगठ्याला लागत होता.

"चुकलंय," मी म्हटलं. "बरोबर लिहिलं की दाखवीन. तोवर कोणी कुठे जात नाही."

आत जाऊन मी बशी घासली, कोरडी केली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. आमच्या अख्ख्या संसारात तो उकार ह्यांच्या हातून एकदाही बरोबर आलेला नाही, हे मुलाला सांगितलं नाही.